ताप उतरल्यानंतरचे हृदय

व्यापारी घरांत आजारपण दिवसांवर मोजले जाते. पहिल्या दिवशी अंग मोडून येते, दुसऱ्या दिवशी ताप चढतो, चौथ्या दिवशी तो उतरतो आणि पाचव्या दिवशी माणूस दुकानात जाऊन बसतो. सण तोंडावर आला असेल, लग्नसराईचा माल उतरायचा असेल किंवा विवरणपत्र भरण्याची तारीख जवळ आली असेल, तर पाचव्याऐवजी तिसऱ्याच दिवशी. दुखणे अंगावर काढणे हा या घरांत दोष समजला जात नाही. ती कष्टाळूपणाची खूण समजली जाते. पुष्कळदा हे निभावूनही जाते. विषाणूजन्य ताप आलेली बहुसंख्य माणसे पूर्ण बरी होतात आणि त्यांच्या हृदयाला काहीही इजा होत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत ती होते, त्यांची फसगत मात्र याच ठिकाणी होते. तापमापकातील पारा खाली आला म्हणजे आजार संपला, असे घरातील सर्वजण धरून चालतात. आणि हृदयाची तक्रार अनेकदा त्यानंतरच सुरू होते.

विषाणू हृदयापर्यंत कसा पोहोचतो

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी कॉक्सॅकी नावाचे एक लहान गाव आहे. पोलिओचा संशय असलेल्या तेथील मुलांच्या विष्ठेच्या नमुन्यांतून गिल्बर्ट डॉल्डॉर्फ आणि ग्रेस सिकल्स या संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा केला व १९४८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. विषाणूला गावाचेच नाव मिळाले. याच कुळातील ‘बी’ गटाचे विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरून तेथे दाह निर्माण करतात, हे पुढे दिसून आले. या विकाराला वैद्यकात मायोकार्डायटिस म्हणतात. मराठीत त्याला हृत्स्नायुदाह म्हणता येईल. सर्दी-पडसे आणणारे काही विषाणू, इन्फ्लुएन्झा, पार्व्होव्हायरस आणि २०२० पासून साऱ्या जगाला ठाऊक झालेला करोना, हे सर्व या विकारास कारण होऊ शकतात. महाराष्ट्रात पावसाळ्याबरोबर येणारे डेंगी आणि चिकुनगुन्या हेदेखील क्वचित हृदयाला धक्का लावतात. डेंगीत नाडी मंदावणे किंवा हृदयाचे आकुंचन काही काळ दुबळे होणे असे प्रकार आढळतात. बहुतेकांत ते तात्पुरते असतात.

इजा दोन हातांनी होते. विषाणू पेशीत शिरून तिचा नाश करतो, हा पहिला हात. दुसरा हात शरीराच्या स्वतःच्या रक्षकांचा असतो. विषाणूचा पाठलाग करीत आलेल्या रोगप्रतिकारक पेशी शत्रूबरोबर आसपासच्या निरोगी स्नायूलाही भाजून काढतात. हा दुसरा टप्पा ताप ओसरत असताना किंवा ओसरल्यावर भरात येऊ शकतो. म्हणूनच तक्रारी कधी आठवड्याने, तर कधी दोन आठवड्यांनी जाणवतात. हृदयाच्या स्नायूत नव्या पेशी फारच थोड्या तयार होतात. त्यामुळे जेथे पेशी मेल्या तेथे व्रण राहतो, आणि हा व्रण पुढे कधी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो.

हृदयाला इजा होण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. काहींच्या हृदयाच्या बाहेरील आवरणाला सूज येते. अशा रुग्णाच्या छातीत टोचल्यासारखे दुखते. उताणे झोपल्यावर दुखणे वाढते आणि पुढे झुकून बसल्यावर कमी होते. तिसरा मार्ग मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल सोबत घेऊन गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशी-साठीतील गृहस्थांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. हृदयाच्या धमनीत पूर्वीच साचलेला चरबीचा थर दाहामुळे फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि हृदयविकाराचा झटका येतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील संशोधकांनी २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचे मोजमापच मांडले. प्रयोगशाळेत इन्फ्लुएन्झा सिद्ध झालेल्या रुग्णांना त्या तपासणीच्या आधीच्या व नंतरच्या एका वर्षात आलेले ३६४ झटके त्यांनी तपासले. इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण इतर काळाच्या सुमारे सहापट निघाले. साध्या फ्लूची लस हृदयरुग्णांना का सुचवली जाते, याचे उत्तर या सहा पटींत आहे.

अशक्तपणा कोणता, इशारा कोणता

तापानंतर थकवा येतोच. तो रोज थोडा थोडा कमी होत जातो. काल दोन खोल्या चालून दमणारा माणूस आज अंगणापर्यंत जातो. हृदयाची तक्रार याच्या उलट चालते. श्रमाबरोबर ती वाढते आणि दिवसागणिक घटण्याऐवजी तशीच राहते किंवा बळावते. नेहमीचाच जिना चढताना अर्ध्यावर थांबावे लागणे, छातीवर दडपण येणे, बसल्या जागी धडधड होणे, ठोका चुकल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावे लागणे, पावलांवर सूज येणे, ही लक्षणे तापानंतरच्या दोन-चार आठवड्यांत दिसली, तर त्यांना अशक्तपणाच्या सदरात टाकू नये. लहान मुले छातीचे दुखणे सांगू शकत नाहीत. त्यांच्यात दूध न पिणे, भरभर श्वास, वारंवार उलटी, पोटदुखी आणि विलक्षण मलूलपणा अशा रूपात हा विकार येतो व पोट बिघडले असा समज करून देतो.

छातीत सतत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा दम लागून बोलता न येणे यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट पाहू नये. सोडा, ओवा किंवा ॲसिडिटीची गोळी देऊन रात्र काढणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी त्याच तासात, ईसीजीची व अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

तपासण्या काय पाहतात

रुग्णालयात प्रथम ईसीजी काढला जातो. तो हृदयाच्या विजेचा आलेख आहे, चित्र नव्हे. त्यासोबत रक्तातील ट्रोपोनिन मोजतात. हृदयाच्या स्नायूपेशीला इजा झाली की हे प्रथिन रक्तात झिरपते. मात्र इजा का झाली, हे ट्रोपोनिन सांगत नाही. धमनी तुंबली असेल तरी ते वाढते, विषाणूने दाह झाला असेल तरीही वाढते. ईसीजीदेखील दोन्हींत सारखाच दिसू शकतो. म्हणूनच तीस-पस्तिशीच्या तरुणाचीही कधी तातडीने अँजिओग्राफी करावी लागते. धमन्या स्वच्छ निघाल्यावर ‘उगाच केली’ असे नातलगांना वाटते. वास्तविक सर्वांत घातक शक्यता नाहीशी करण्यासाठीच ती केलेली असते.

हृदयाच्या चित्रणात पहिला मान इकोकार्डिओग्रामचा, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘इको’चा. त्याचा जन्म मोठा रंजक आहे. स्वीडनमधील लुंड येथील हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी जवळच्या माल्मो शहरातील जहाजबांधणी कारखान्यातले एक यंत्र पाहिले. न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी धातूत सोडून आतील भेगा शोधणे, हे त्याचे काम. हाच ध्वनी छातीत सोडला तर हृदयाची हालचाल टिपता येईल, हे त्यांनी ओळखले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये तसले एक उसने यंत्र वापरून हृदयाचा पहिला ध्वनिआलेख मिळवला. आजच्या इकोत हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे ढकलते, कोणती भिंत आळसावली आहे, झडपा नीट मिटतात का, आवरणात पाणी साठले आहे का, हे खाटेपाशीच काही मिनिटांत दिसते. त्यात क्ष-किरण नसतात आणि खर्चही आवाक्यातला असतो. तथापि त्याची एक मर्यादा आहे. इको हृदयाचे काम दाखवतो; स्नायूच्या आत काय चालले आहे, हे त्याला क्वचितच दिसते. सौम्य हृत्स्नायुदाहात इको अगदी निर्दोष येऊ शकतो.

स्नायूच्या आत डोकावण्याचे काम हृदयाचा एमआरआय करतो. चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रे जो प्रतिसाद देतात, त्यावरून हे चित्र घडते. दाह झालेल्या स्नायूत पाणी वाढते, म्हणून तो भाग चित्रात उठून दिसतो. नंतर शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले जाते. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जाते. पेशी मेल्या आहेत किंवा व्रण आहे तेथे ते रेंगाळते. दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात तो भाग पांढरा चमकतो. चमक कोठे आहे, हे महत्त्वाचे. धमनी तुंबून झालेली इजा हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि त्या धमनीच्या हद्दीत राहते. विषाणूजन्य दाह बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात दिसतो आणि धमन्यांची हद्द पाळत नाही. ट्रोपोनिनला जो भेद सांगता आला नाही, तो हे चित्र सांगते. पाण्याची खूण आणि इजेची खूण यांचा मेळ कसा घालावा, याचे निकष तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले व २०१८ मध्ये सुधारले. कॅनडातील लेक लुईझ या ठिकाणाच्या नावाने ते ओळखले जातात.

या तपासणीला साधारण पाऊण ते एक तास लागतो आणि मधूनमधून श्वास रोखावा लागतो. पेसमेकर किंवा शरीरात धातूची वस्तू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल अथवा बंद जागेची भीती वाटत असेल, तर ते आधी सांगावे. आजाराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेला एमआरआय अधिक बोलका असतो. पुढे सूज ओसरते आणि तिची खूणही फिकी होते. रुग्ण अत्यवस्थ असेल किंवा दुर्मीळ प्रकाराची शंका असेल, तर हृदयाच्या स्नायूचा कणभर तुकडा काढून तपासावा लागतो. तो निर्णय मोठ्या केंद्रातील तज्ज्ञच घेतात.

चित्र दिसते, म्हणून आजार असतोच का

जुलै २०२० मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. करोनातून बऱ्या झालेल्या १०० जणांच्या हृदयाचा एमआरआय तेथे केला होता. त्यांतील दोनतृतीयांश जण घरीच बरे झालेले होते. तरी ७८ जणांच्या चित्रांत काही ना काही वेगळे आढळले आणि ६० जणांत दाह चालू असल्याच्या खुणा दिसल्या, असे निबंधात म्हटले होते. जगभर घबराट पसरली. निबंधातील आकडेमोडीच्या चुका इतर अभ्यासकांनी दाखवून दिल्या, महिन्याभरात दुरुस्ती छापली गेली. मुख्य निष्कर्ष कायम असल्याचे लेखकांनी सांगितले. पण भीती पुढे निघून गेली होती. अमेरिकेतील ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडासंघाने ऑगस्टमध्ये फुटबॉलचा हंगाम स्थगित केला. त्यामागील विचारांत खेळाडूंच्या हृदयाची काळजीही होती. सप्टेंबरमध्ये निर्णय फिरला, पण एका अटीवर : करोना झालेल्या प्रत्येक खेळाडूची ईसीजी, ट्रोपोनिन, इको आणि एमआरआय अशी संपूर्ण तपासणी व्हायलाच हवी.

त्या अटीमुळे मोलाची माहिती हाती आली. २०२१ मध्ये तिचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. १,५९७ खेळाडूंपैकी ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत, हृत्स्नायुदाह आढळला. फ्रँकफर्टच्या आकड्यांपासून हे प्रमाण फार दूर होते. त्या ३७ पैकी हृदयाची लक्षणे केवळ ९ जणांना होती. अर्थात एमआरआयने काही न बोलणारा आजारही पकडला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. निरनिराळ्या विद्यापीठांत हे प्रमाण शून्यापासून ७.६ टक्क्यांपर्यंत बदलत होते. आजार एकच, खेळाडू सारख्याच वयाचे. तरी उत्तर इतके वेगळे, याचा अर्थ चित्र वाचणाऱ्या डोळ्यांत आणि ते काढण्याच्या रीतीतही फरक असतो. त्याच वर्षी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंचाही अहवाल आला. तेथे आधी ईसीजी, ट्रोपोनिन व इको आणि त्यांत शंका आली तरच एमआरआय, अशी चाळणी लावली होती. ७८९ जणांपैकी ३० जणांच्या प्राथमिक तपासण्यांत खोट दिसली व शेवटी ५ जणांत दाहाचा विकार ठरला. खेळात परतलेल्यांपैकी कोणालाही अभ्यासाच्या काळात हृदयाचा अपघात झाला नाही.

यातून एक व्यवहारी सूत्र हाती येते. चित्र कितीही सूक्ष्म असले, तरी ते एका प्रश्नाचे उत्तर असते. लक्षणे, ईसीजी आणि ट्रोपोनिन यांनी प्रश्न उभा केला असेल, तर एमआरआयचे उत्तर जीव वाचवू शकते. प्रश्नच नसताना काढलेले चित्र एखादी फिकी, निरर्थक खूण दाखवून धडधाकट माणसाला महिनोन् महिने रुग्ण बनवू शकते. शेजारच्या पेढीतील कोणाला काही झाले म्हणून घरातील सर्वांसाठी तपासण्यांचे ‘पॅकेज’ घेणे, हे काळजीचे लक्षण वाटले तरी विवेकाचे नाही. डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्याचा संकोच नसावा : या तपासणीच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का? ‘होय’ असे उत्तर आले, तर खर्चाकडे पाहून तपासणी टाळू नये. ‘नाही’ आले, तर ती करून घेण्याचा आग्रह धरू नये.

विश्रांती हाही उपचार

निदान झालेल्या बहुतेकांचे हृदय पूर्ववत होते. उपचाराचा कणा मात्र विश्रांती हा असतो. दाह झालेल्या हृदयावर जोराच्या श्रमाचा भार टाकल्यास ठोक्यांची लय अकस्मात बिघडू शकते. म्हणून साधारणपणे तीन ते सहा महिने धावणे, व्यायामशाळा, स्पर्धात्मक खेळ आणि जड वजन उचलणे बंद ठेवण्यास सांगतात आणि पुन्हा तपासण्या करूनच परवानगी देतात. तरुणांना हे जड जाते, कारण पंधरा दिवसांत त्यांना अगदी बरे वाटू लागते. निदान झालेले नसले, तरी साध्या तापानंतरही आठवडाभर जोराचा व्यायाम टाळावा आणि मग पायरीपायरीने वाढवावा. ताप उतरताच दीर्घ उपवास सुरू करण्याआधी वैद्याला विचारावे; तापात घटलेले पाणी आणि क्षार भरून येण्याआधी ते पुन्हा घटले, तर हृदयाची लय बिघडण्यास निमित्त मिळते. वेदनाशामक गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही हृत्स्नायुदाहात टाळाव्या लागतात.

तरुणांच्या अकस्मात मृत्यूंची चर्चा भारतात होऊ लागली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने तिचा शोध घेतला. १८ ते ४५ वर्षे वयाच्या ७२९ मृतांची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. करोनासाठी पूर्वी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, कुटुंबात अकस्मात मृत्यूचा इतिहास असणे, एकाच बैठकीत अति मद्यपान आणि मृत्यूपूर्वी ४८ तासांत केलेले जोराचे श्रम, या गोष्टी मृतांमध्ये अधिक आढळल्या. लसीबद्दल लोकांत शंका होती; पण अभ्यासात लस घेतलेल्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी दिसला.

एका लहान सवयीने या साऱ्यात मोठे साहाय्य होते. व्यापारी घरांत वीस-वीस वर्षांच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात. पण घरातील कर्त्या माणसाचा जुना ईसीजी मागितला तर सापडत नाही. छातीत दुखून आलेल्या रुग्णाच्या आलेखात आज दिसणारा बदल नवा आहे की पूर्वीपासूनचा, हे ओळखायला तो जुना कागद वैद्याला फार उपयोगी पडतो. ईसीजीचा कागदावरील आलेख काळाने पुसट होतो, म्हणून त्याची छायाप्रत काढावी, भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र ठेवावे, सोबत इकोचा अहवाल आणि चालू औषधांची यादी असावी, आणि ते कोठे आहे हे घरातील दोघा-तिघांना ठाऊक असावे. एमआरआय झाला असेल, तर केवळ अहवालाचा कागद न ठेवता चित्रांची सीडीही जपावी. सहा महिन्यांनी दुसऱ्या चित्राशी तिचीच तुलना करायची असते.